गाडीवरचे पांढरे ठिपके: शेवटचे सोळा लिटर पाणी कसले असावे

धुतलेली गाडी वाळली की काळ्या बोनेटवर पांढरे ठिपके उमटतात. शॅम्पू बदलला, फडके बदलले तरी ते येतातच, कारण दोष पाण्याचा असतो. थेंब वाळताना पाणी तेवढे उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार जागच्या जागी राहतात. नळाचे असो, विहिरीचे असो की टँकरचे, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट आणि सिलिका थोडीफार असतातच. हे सगळे काढून टाकलेल्या पाण्याने गाडी शेवटी एकदा धुतली, तर ती पुसावी लागत नाही. तशीच उभी ठेवली तरी डाग न पडता वाळते. रंगावरचे बारीक गोलगोल ओरखडे बरेचसे पुसण्यातूनच येतात, त्यामुळे पुसणे टळले की रंगाचे आयुष्यही वाढते.

पाण्यात किती विरघळले आहे याचे माप म्हणजे टीडीएस. एका लिटरमध्ये जितके मिलिग्रॅम, तितका टीडीएस. यालाच पीपीएम म्हणतात. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा धरा. ३०० टीडीएसच्या पाण्याचा असा थेंब वाळला की मागे १५ मायक्रोग्रॅम क्षार राहतात, आणि ते डोळ्यांना दिसतात. तोच थेंब ५ टीडीएसचा असेल तर जेमतेम पाव मायक्रोग्रॅम उरतो आणि काळ्या रंगावरही दिसत नाही. गडद गाडीसाठी शेवटचे पाणी १० टीडीएसच्या आत असावे. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीला २० पर्यंत चालून जाते.

सगळे डाग एकाच जातीचे नसतात. पाण्यातले कॅल्शियम बायकार्बोनेट उन्हात तापले की कार्बन डायऑक्साइड सोडते आणि त्याचे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, होते. ही चुनखडी पुन्हा पाण्यात विरघळत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने कितीही घासले तरी डाग हलत नाही. मिठाचा डाग पाण्याने निघतो, पण तो हवेतला दमटपणा ओढून घेतो आणि दाराच्या खालच्या कडेला, नट-बोल्टांना गंज लावतो. सिलिकाचा डाग काचेला काचेसारखाच चिकटतो. त्यावर आम्लही चालत नाही.

आधी आपले पाणी मोजा

गोव्यात आधी टीडीएस मीटर घ्यावा, बाकीची खरेदी नंतर. इंटरनेटवर दिसणारे बहुतेक सल्ले खडकाळ, कोरड्या प्रदेशांतल्या जड पाण्यासाठी लिहिलेले असतात. आपल्याकडे घाटातून येणाऱ्या नद्या पावसाच्या पाण्यावर वाहतात आणि जमीन जांभ्या दगडाची आहे, ज्यात चुना फारसा नसतो. फोंडा-तिसवाडीकडे ओपा प्रकल्पातून येणारे खांडेपार नदीचे पाणी किंवा दक्षिणेकडचे साळावली धरणाचे पाणी मुळातच मऊ. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या, जमिनीतल्या विहिरींचे पाणीही बहुधा मऊच. अशा पाण्यासाठी घरी आरओचा मोठा संच बसवणे म्हणजे पैसे वाया आणि पाणीही वाया.

अपवाद मात्र ठळक आहेत. किनारपट्टीच्या वाळूतल्या विहिरी एप्रिल-मेमध्ये खाऱ्या होऊ लागतात. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, आणि मिठागरांच्या आसपासही तेच. एकाच विहिरीचे पाणी सप्टेंबरात गोड आणि मे महिन्यात मचूळ असू शकते, म्हणून मोजणी वर्षातून एकदा करून भागत नाही. टँकरच्या पाण्याचा तर उगमच दर खेपेला वेगळा असू शकतो, ते प्रत्येक वेळी मोजा.

दुसरा अपवाद लोहाचा. उपसताना पाणी स्वच्छ दिसते, पण बादलीत रात्रभर ठेवले की तळाला तांबूस गाळ बसतो. टीडीएस कमी असला तरी असे पाणी गाडीवर पिवळट-तांबूस ठिपके सोडते आणि शुद्धीकरणाचे साहित्यही बिघडवते. जांभ्यातल्या विहिरींच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही बराच असतो. तो मीटरवर नीट दिसत नाही, पण पुढे येणारे रेझिन, म्हणजे क्षार धरणारे मणी, मात्र खातो. या दोन्हींवर उपाय एकच आणि फुकटचा: पाणी उंचावरून धार धरून उघड्या ड्रममध्ये सोडा, वर जाळीचे कापड बांधा, रात्रभर ठेवा. हवा लागून लोह गाळ बनून खाली बसते, वायूचा बराच भाग निघून जातो. सकाळी वरचे पाणी घ्या, तळाची चार बोटे सोडून द्या.

मीटर वापरताना दोनच पथ्ये. ज्या पाण्याचे माप घ्यायचे त्याच पाण्याने टोक तीनदा विसळा, आणि टोकाला बोट लावू नका. घामातले मीठ एवढेसे गेले तरी शून्याचे पाच होतात. मीटर पाण्यातून जाणारी वीज मोजतो आणि त्यावरून टीडीएसचा अंदाज सांगतो. विरघळलेली सिलिका वीज जवळजवळ वाहून नेतच नाही, म्हणून ती त्याला दिसत नाही. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

शुद्ध पाणी कुठून आणायचे

दुकानात सॉफ्टनर दाखवला तर या कामासाठी घेऊ नका. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम घालतो. पाण्याचा जडपणा जातो, साबणाला फेस छान येतो, पण क्षारांचे एकूण वजन जवळपास तेवढेच राहते. डाग पडतातच, फक्त सहज पुसले जातात.

घरचा पिण्याचा आरओ ९० टक्क्यांहून जास्त क्षार अडवतो. मात्र बहुतेक यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळणारा टीडीएस कंट्रोलर असतो, त्यामुळे नळातून ४०-५० किंवा त्याहून जास्त टीडीएसचे पाणी येऊ शकते. शिवाय एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर सांडते. मे महिन्यात नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात गाडीसाठी असे करणे आम्हाला पटत नाही. ज्यांच्या विहिरीचा टीडीएस हजाराच्या घरात आहे त्यांना आरओशिवाय गत्यंतर नसते, पण त्यांनीही सांडणारे पाणी शौचालयासाठी साठवावे. क्षार एकवटलेले ते पाणी गाडीवर किंवा झाडांवर घालू नये.

एसीचे पाणी हा गोव्याच्या दमट हवेतला खरा खजिना आहे. दीड टनाचा एसी दमट दिवसांत तासाला साधारण एक ते दोन लिटर पाणी सोडतो, म्हणजे एका रात्रीत एका गाडीची सोय. हवेतली वाफ थंड कॉइलवर जमून हे पाणी बनते, त्यामुळे त्यात क्षार फारच कमी. कॉइलवरची धूळ आणि बुरशी मात्र त्यात येते, म्हणून ते घट्ट विणीच्या सुती कापडातून गाळा आणि मोजा. एसीची सर्व्हिसिंग झाल्यावर दोन-तीन दिवसांचे पाणी टाकून द्या, कारण कॉइल धुण्याचे रसायन त्यात उतरते.

पावसाचे पाणीही तितकेच चांगले. एक चौरस मीटर ताडपत्रीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की १० लिटर पाणी मिळते, आणि जुलैत तेवढा पाऊस तासाभरातही पडून जातो. पहिली पंधरा मिनिटे सोडून द्या. मंगळुरी कौलांवरून आलेल्या पाण्यात शेवाळ आणि माती असते. धुतलेली ताडपत्री बरी. समुद्राला लागून घर असेल तर वाऱ्याबरोबर मीठही येते, तेव्हा मीटर लावल्याशिवाय भरू नका. सप्टेंबरच्या शेवटी शंभर लिटर भरून ठेवले तर दसऱ्याला गाडीची पूजा आणि पुढचे ऑक्टोबरचे कडक ऊन दोन्ही निघून जाते. ड्रमचे झाकण गच्च हवे. डासांची पैदास आणि डेंगी हा इथे काल्पनिक धोका नाही.

रेझिनचा डबा

वर्षभर खात्रीने शून्याजवळचे पाणी हवे असेल तर मिक्स्ड बेड रेझिन लागते. ज्वारीहून बारीक असे हे प्लॅस्टिकचे मणी दोन प्रकारचे असतात. एक प्रकार पाण्यातले कॅल्शियम, सोडियम असे धनभारित कण धरून हायड्रोजन सोडतो. दुसरा क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट धरून हायड्रॉक्साइड सोडतो. सुटलेले हे दोन्ही कण एकत्र आले की पाणी तयार होते. म्हणजे क्षार आत अडकतात आणि बदल्यात पाणीच मिळते. वीज लागत नाही, एक थेंबही सांडत नाही. मण्यांची धरून ठेवण्याची जागा संपली की रेझिन संपले.

किती पुरेल याचा हिशेब सोपा आहे. एक लिटर रेझिन सुमारे २५ ग्रॅम क्षार धरू शकते. प्रत्यक्षात २० धरून चाला. रेझिनचे लिटर गुणिले २०,००० भागिले टीडीएस, एवढे लिटर पाणी मिळेल. २० इंची जंबो हाउसिंगमधल्या (बाहेरच्या मोठ्या डब्यातल्या) भरता येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये (आतल्या नळकांड्यात) सुमारे ४ लिटर रेझिन मावते. पाणी ६० टीडीएसचे असेल तर तेराशे लिटरहून जास्त, म्हणजे दर वेळी १६ लिटर प्रमाणे ८० हून जास्त धुण्या. १५० टीडीएसला ३३. खाऱ्या विहिरीच्या १२०० टीडीएसला फक्त चार! म्हणूनच आधी मोजायला सांगितले. एसीचे २० टीडीएसचे पाणी यातून गाळले तर क्षारांनी रेझिन संपण्याआधी ते वयानेच जुने होईल.

जोडणीचा क्रम असा: नळ, मग ५ मायक्रॉनची गाळणी, मग कार्बन ब्लॉक, शेवटी रेझिन. गाळणी माती अडवते. कार्बन नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढतो, नाहीतर क्लोरीन मण्यांना हळूहळू झिजवतो. विहिरीच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकत नसाल तर कार्बनची गरज नाही. झडप नळाच्या बाजूला लावा आणि शेवटचे तोंड नेहमी उघडे ठेवा. तोंड बंद करून डबा रात्रभर दाबाखाली ठेवला तर प्लॅस्टिकला तडा जाण्याची भीती असते. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा, पाना मात्र बेताने फिरवा. रेझिननंतर पितळी तोटी किंवा तांब्याची नळी लावू नका. क्षार नसलेले पाणी धातू थोडाथोडा विरघळवून घेते, आणि कमावलेला शून्य तिथेच जातो. पुढचे सगळे फिटिंग प्लॅस्टिकचे हवे.

रेझिन भरताना होणारी चूक हमखास ठरलेली. पिशवीतले ओलसर मणी बादलीत पाणी घालून ढवळायचे आणि ओतायचे. असे केले की जड मणी खाली बसतात, हलके वर येतात, दोन्ही प्रकार वेगळे होतात आणि पाणी नीट शुद्ध होत नाही. मणी ओलसर आहेत तसेच चमच्याने भरा, मध्येमध्ये कार्ट्रिजच्या बाजूला हाताने ठोका, काठोकाठ दाबून भरा. पोकळी राहिली तर पाणी सोपी वाट शोधते आणि बरेचसे मणी कोरेच राहतात. कार्ट्रिज उभीच वापरा. खाली सांडलेले मणी लगेच झाडून घ्या. टाइल्सवर त्यांच्यावरून पाय हमखास घसरतो. नव्या रेझिनच्या पहिल्या १५-२० लिटर पाण्याला मासळीसारखा वास येतो, तो मण्यांतल्या अमाइनचा. तेवढे पाणी फरशी पुसायला वापरा. हे पाणी पिण्यासाठी नाही. बाजारातले औद्योगिक रेझिन पिण्याच्या दर्जाचे असतेच असे नाही.

पाणी किती वेगाने सोडायचे यालाही मर्यादा आहे. रेझिनच्या आकारमानाच्या ताशी ४० पटीपेक्षा जास्त नको, म्हणजे ४ लिटर रेझिनमधून मिनिटाला अडीच लिटर. म्हणून प्रेशर वॉशर थेट या डब्याला जोडू नका. त्याला मिनिटाला सहा-सात लिटर लागतात, आणि तेवढ्या घाईत क्षार मण्यांना न भेटताच निघून जातात. गच्चीवरच्या टाकीचा दाब कमी असतो, धार बारीक येते. या कामाला ते चांगलेच. तुम्ही शॅम्पू लावेपर्यंत कॅन भरलेला असतो.

फवारायला सगळ्यात सोयीचा १६ लिटरचा पाठीवरचा बॅटरी पंप, पंख्यासारखी धार देणाऱ्या नोझलसह. तो नवा घ्या. कुळागरात (बागायतीत) माड-सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारलेला पंप कितीही धुतला तरी त्यात चुना आणि मोरचूद राहतेच, आणि तेच गाडीवर उतरते.

धुताना

सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर, सावलीत. बोनेटला हाताचा मागचा भाग लावून पाहा. गरम लागत असेल तर थांबा. आधी साध्या पाण्याने माती सुटू द्या. डिचोली-सांग्याकडची खनिजाची लाल धूळ आणि पावसाळ्यातला लाल चिखल यांत कठीण कण असतात. कोरड्यावर फडके फिरवलेत तर रंगावर रेघा उमटल्याच म्हणून समजा. चाकांच्या कमानींत आणि दारांच्या खाली जास्त वेळ द्या. मग दोन बादल्यांची पद्धत, एकीत शॅम्पू आणि दुसरीत हातमोजा विसळायला पाणी, वरून खाली. नंतर साध्या पाण्याने भरपूर धुवा. शेवटी पाइपचे नोझल काढून पाण्याची संथ चादर टपावरून सोडा. जोराच्या फवाऱ्याने थेंब विखुरतात, संथ धार मात्र मागचे पाणी ओढत खाली नेते. आरशांची फट, दाराची हँडल, नंबरप्लेट, इंधनाचे झाकण यांत अडकलेले पाणी फडक्याने टिपून घ्या किंवा फुंकणीने उडवा.

गाडी ओली असतानाच शुद्ध पाणी सुरू करा. आधी टप, मग काचा, बोनेट, डिकी, शेवटी बाजू. हॅचबॅकला १२ ते १६ लिटर, मोठ्या एसयूव्हीला २० ते २५. शुद्ध पाण्याचे काम आधीचे पाणी हुसकून लावण्याचे आहे, नुसते त्यात मिसळण्याचे नाही. पाच लिटरात गाडी उरकली तर पृष्ठभागावर दोन्हींचे मिश्रण उरते आणि ठिपके फिके होतात, पण राहतात. मग दारे एकदा उघडून बंद करा, फटीतले पाणी खाली येईल, तिथे पुन्हा हलका फवारा द्या. बस्स, आता हात लावू नका.

तरीही डाग पडले तर

आरशाखाली किंवा हँडलखाली लांबट ओघळ दिसले तर फटीतले साधे पाणी नंतर गळले आहे. सगळीकडे फिकट, मातकट ठिपके असतील तर शॅम्पूने मळ नीट निघालेला नाही. थेंब तो मळ गोळा करून कडेला सोडतो, आणि पाणी कितीही शुद्ध असले तरी त्याला इलाज नाही. वाळताना समुद्राकडून वारा असेल तर खारा तुषारच गाडीवर बसतो. कळंगुट, कोलवा, मिरामार अशा ठिकाणी गाडी घराच्या आडोशाला उभी करून वाळवा.

मीटर शून्य-दोन दाखवत असूनही पांढरट, न निघणारे ठिपके येऊ लागले, तर संशय सिलिकावर घ्या. रेझिन संपत आले की सर्वात आधी सिलिका निसटते, आणि मीटरला ती दिसत नाही. म्हणून मीटर ५० दाखवेपर्यंत थांबू नका; १० ला रेझिन बदला. एकदा आकडा चढू लागला की पुढे तो झपाट्याने चढतो. डबा काही दिवस बंद राहिल्यावरचे पहिले अर्धा-एक लिटर पाणी नेहमीच जरा वाईट येते. ते सोडून देऊन मगच मोजा, नाहीतर चांगले रेझिन उगाच फेकले जाईल.

आधीपासून बसलेल्या चुनखडीच्या डागांवर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन, फडके भिजवून दोन-तीन मिनिटे ठेवा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. सावलीतच, आणि उघड्या धातूवर नको. आपल्या स्वयंपाकघरातले माडाचे व्हिनेगर यासाठी वापरू नका. त्यातला रंग आणि गोडवा मागे चिकटतो. व्हिनेगरनेही न हलणारा डाग काचेवर असेल तर सेरियम ऑक्साइडची पॉलिश लागते. रंगावर असेल आणि नखाला खड्डा लागत असेल, तर उन्हाने तो वरच्या थरात कोरला गेला आहे. तिथे पॉलिश करणाऱ्याकडेच जावे लागते.

रेझिन नेहमी ओलसर आणि सावलीत ठेवा. सुकले तर मणी तडकतात. महिनाभर वापर नसेल तर कार्ट्रिज काढून, पाणी निथळवून, घट्ट पिशवीत बांधा, कारण साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढून बुळबुळीत थर धरतो. संपलेले रेझिन पुन्हा जिवंत करायला दोन्ही प्रकारचे मणी वेगळे करून एकाला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि दुसऱ्याला कॉस्टिक सोडा द्यावा लागतो. ते घरी करू नका. जुने मणी प्लॅस्टिकच आहेत. गटारात किंवा शेतात न टाकता पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्या.